कॉलेजची सोयरीक

न्हाई न्हाई, साखर कमी करू नका — पण एक सांगा, हे समोरचं कॉलेज चांगलं हाय म्हणता, तर चांगलंच कामून म्हणता? प्राचार्याला चहा तुमचाच जातो ना? मंग! तुम्ही कशाला वाईट बोलताल? रागावू नका. मी रामकिसन, मंठ्याच्या पलीकडून आलो सकाळच्या एसटीनं. आमची द्वारका बारावी सायन्सला तालुक्यात दुसरी आली, तिला इथं घालायचं का न्हाई ते बघून राह्यलो. बघायचं म्हंजे कसं? पोरीला स्थळ बघतो तसं. तुमचं पोरगं बी औंदा बारावीला हाय म्हणलात ना? मंग ध्यानात ठेवा — ऑफिसात काही विचारायचं न्हाई, ते गोडच बोलणार. शेजारी-पाजारी विचारायचं. पिठाच्या गिरणीत विचारायचं. पास झालेल्या पोराला न्हाई, नापास झालेल्याला गाठायचं, तो खरं बोलतो. वसतिगृहाच्या मागल्या अंगानं जायचं, आमटी किती पातळ हाय बघायचं. आन् कळवून जायचं न्हाई, कळवलं की सारवून ठेवतात.

मी सगळं केलं. हे तिसरं कॉलेज. औरंगाबादला दारावरचा वॉचमन लई हसून बोलला — कामून हसला? परभणीला कोणी हसलंच न्हाई, ते बी बराबर वाटलं न्हाई. आन् इथं दुपारपासून फिरून राह्यलो तर एक माणूस वाईट बोलंना! गिरणीवाला चांगलं म्हणला. नापास झालेलं पोरगं गाठलं, ते म्हणतं, काका, चूक माझीच होती. असं कुठं असतं का? ज्या घराचं सगळेच चांगलं बोलतात, तिथं कायतरी झाकलेलं असतं, मी लई सोयरिकी जमवल्यात. क्लार्कनं पाण्याचा ग्लास पुढं केला, मी न्हाई पिलो. तो बघतच राह्यला. अहो, लेकीच्या घरचं पाणी बाप पितो का? — हसू नका, हात आपोआप मागं आला.

न्हाई, द्वारकाला पसंत हाय. तिला तिन्ही पसंत होते, तिचं काय! तिची माय म्हणती, तुम्हाला कोणतंच कॉलेज आवडणार न्हाई, तुम्हाला पोरगीच धाडायची न्हाई. खोटं हाय ते. बिलकुल खोटं. मी कामून अडवीन? फक्त — आता बघा, शेतातून आलो की ती कंदील पुसत बसती आन् दिवसभराचं सगळं सांगती, मला, मायला न्हाई. बैल कामून खात न्हाई ते माझ्याआधी तिला कळतं. ती गेल्यावर मी बोलायचं कोणासंग? मायच्या अन् माझ्या बोलण्यात तर निस्ता हिशोब असतो, मिठाचा अन् तेलाचा. आन् इथं शिकलेली पोरगी उद्या आपल्या घरात मावंल का? बापाची लाज वाटायला लागली म्हंजे? भेव वाटतं हो. हां, भेवच. जाऊ द्या — कुठलं काय बोलून बसलो तुमच्यासंग.

काय म्हणलात? ठाऊक हाय मला, आज शेवटचा दिवस, पाचला खिडकी बंद. द्वारका आत लायनीतच उभी हाय. मी सांगून आलो, चहावाल्याला तेवढं विचारून येतो, मी आल्याबिगर फॉर्म देऊ नको. म्हणून तर जल्दी करून राह्यलो, हा शेवटचा सवाल — इथल्या मास्तरांच्या पोरी इथंच शिकतात का दुसरीकडं? — काय? सव्वापाच? तुमचं घड्याळ पुढं असंल. न्हाई?

ती बघा, आलीच. द्वारके! अगं इकडं. दिला ना फॉर्म? मंग हातात कामून हाय? नंबर आल्ता ना? — आल्ता, आन् मागच्या पोरीला पुढं सोडलं? तिच्या मागच्यालाही? सगळ्यांना? अगं, देऊन टाकायचा ना! मी म्हणलं म्हणून काय — द्वारके, थांब की. चहा तरी घे. अगं, कुठं चालली एकलीच?

न्हाई, रडून न्हाई राह्यली ती. ऐकलं हो तिनं माझं. आजवर एकदाबी माझा शब्द मोडला न्हाई तिनं.

तुम्ही काय बघून राह्यलात? दुसरं गिऱ्हाईक बघा.