शेवेलच्या दारातला दांडा

इरेना: मी हसत नाहीये, कॅझ. खरंच नाही. फक्त पुन्हा एकदा सांग. तू गाडीत बसलास आणि दारात आडवा लोखंडी दांडा स्वतःच्याच हाताने वेल्डिंगने डागून टाकलास?

कॅझ: हसतेयस तू. आवाजावरून कळतंय.

इरेना: चाळीस वर्षं कारखान्यात साचे बनवलेला माणूस स्वतःच्या गॅरेजात स्वतःला कोंडून घेतो. तेही रविवारी, चर्चमध्ये मिस्साला निघायच्या वेळेला. मग हसू नको तर काय करू?

कॅझ: कोंडून नाही घेतलं. माप घेत होतो. दांडा कोपराच्या किती वर यायला हवा, ते सीटवर बसल्याशिवाय कळत नाही.

इरेना: मग माप घ्यायचं, खूण करायची, बाहेर यायचं आणि मग डागायचं. एवढं मलाही कळतं. इतकी वर्षं तुझ्या मागे बॅटरी धरून कोण उभं राहिलंय?

कॅझ: चढा, उतरा, परत चढा. नव्या गुडघ्याला नाही झेपत. म्हटलं, बसलोच आहे तर दोन टाके मारून घेऊ.

इरेना: पलीकडच्या दाराने ये मग.

कॅझ: तिकडचा दांडा मागच्या वर्षीच बसवलाय. शिवाय तिकडे भिंत आहे.

इरेना: दांड्याच्या खालून?

कॅझ: पोट.

इरेना: वरून?

कॅझ: पोट आणि गुडघा. इरेना, लोखंड कापायचा ग्राइंडर दे मला. हातातून पडला. तुझ्या पायाशीच असेल कुठेतरी.

इरेना: लूथरला हाक मारू का? समोरच गवत कापतोय.

कॅझ: मेलो तरी लूथरला बोलवायचं नाही! संध्याकाळपर्यंत जुन्या गाड्यांच्या अख्ख्या क्लबात बोभाटा होईल.

इरेना: पण हा पिंजरा हवाच कशाला होता? चांगली चालत होती की ही सत्तर सालची शेवेल गाडी. तू आधी तिच्यात मोठं इंजिन घातलंस. ते इंजिन आवरायला मोठे ब्रेक. ब्रेक मावेनात म्हणून मोठी चाकं. चाकं घासायला लागली म्हणून पत्रा कापलास. आता एवढी पळणारी गाडी उलटली तर डोकं फुटू नये म्हणून लोखंडाचा पिंजरा. पहिल्याच पायरीवर थांबला असतास, तर आज आपण चर्चमध्ये पुढच्या बाकावर असतो.

कॅझ: ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर, जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत तिला काढली की मग बोल. रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसतात लोक असल्या गाड्या बघायला. यंदा काहीही होवो, ती तिथे जाणार आणि मीच चालवत नेणार. चल, दांडा धरून ठेवणारे बाहेरच्या बाजूचे दोन क्लॅम्प सोड, म्हणजे मला कापता येईल. जिवावर येतंय कापायला. झकास टाका आलाय.

इरेना: थांब, वाकून बघू दे... कॅझ, हा वरचा टाका आजचाच?

कॅझ: आत्ताचा. का गं?

इरेना: कसा आलाय म्हणालास?

कॅझ: नाणी एकावर एक सरकवून ठेवावीत तसा. एकसारखा.

इरेना: दिसतोय तुला तो?

कॅझ: नाकासमोर आहे माझ्या. न दिसायला काय झालं?

इरेना: आणि खालचा?

कॅझ: तोही तसाच. परीक्षा घेतेयस का माझी?

इरेना: क्लॅम्प सोडते.

कॅझ: आधी वरचा. दांडा धरू नकोस, टाक्यांनी पकडलाय तो.

(क्लॅम्प सुटतात. दांडा तिच्या हातात येतो.)

इरेना: नाही पकडलेला.

कॅझ: कापलास तू?

इरेना: ग्राइंडर अजून खालीच पडलाय.

कॅझ: मग तुटला असेल टाका. पत्रा गंजका असणार.

इरेना: तुटला नाही. सांध्याला लागलाच नाही. बोटभर बाजूला, नुसत्या चौकटीवर मारलायस. दोन्ही टाके. चिखलातून कोंबडी गेल्यासारखी रेघ आहे. तू डागून घेतलाच नव्हतास स्वतःला. नुसत्या क्लॅम्पवर टिकून होता दांडा.

कॅझ: मास्कची काच काजळली होती.

इरेना: आपली टपालपेटी कोणी पाडली?

कॅझ: सांगितलं ना, बर्फ काढणाऱ्या गाडीने.

इरेना: माझ्या गाडीच्या बंपरला तिचा हिरवा रंग लागला होता. मी पुसून टाकला. म्हटलं, सांगेल आपणहून.

कॅझ: मला नाही दिसला तो रंग.

इरेना: कधीपासून, कॅझ?

कॅझ: नाताळपासून.

इरेना: काय दिसत नाही?

कॅझ: कडेचं दिसतं. मधलं जातं. ज्याच्याकडे बघावं तेवढंच नेमकं पुसतं. आता तुझ्याकडे बघतोय, तर तुझ्या कानातले डूल दिसतायत. मधे नुसता धूर.

इरेना: म्हणजे चष्म्याचा नंबर वाढला म्हणालास, ते...

कॅझ: डॉक्टरीण म्हणाली, गेलं ते परत येत नाही. उरलंय ते टिकवायला डोळ्यात सुया घ्याव्या लागतील. आणि गाडी चालवायची नाही. आजपासूनच, म्हणाली.

इरेना: तेव्हापासून तू माझ्याशी बोलताना खिडकीकडे बघतोस. मला वाटलं, माझा कंटाळा आला तुला. बहिणीला फोन करून रडलेय मी.

कॅझ: खिडकीकडे बघितलं की तुझं तोंड दिसतं. सरळ बघितलं की जातं.

इरेना: अरे मूर्खा. अरे मूर्ख माणसा.

कॅझ: हं.

इरेना: आणि मागच्या रविवारी चर्चमधून तू मला घरी आणलंस. गाडी चालवत!

कॅझ: रस्ता पाठ आहे मला.

इरेना: रस्ता पाठ असेल. रस्त्यात येणारी पोरं पाठ नसतात.

कॅझ: माहितीये. वळणावर ती सायकल होती ना. तू ओरडलीस, तेव्हा कळलं मला. त्यानंतर हात नाही लावला तुझ्या गाडीला. पाठ दुखते म्हणून तुलाच चालवायला लावतोय, लक्षात नाही आलं?

इरेना: तरी वर ऑगस्टच्या गप्पा! मीच चालवत नेणार म्हणे.

कॅझ: ते तुला सांगत होतो. मला माहीत होतं, ते होणार नाही. हा पिंजरा झाला असता, मग सीट बदलल्या असत्या, मग गिअर. काम संपत नाही तोवर कोणी म्हणत नाही, चल, एक चक्कर मारून आण.

इरेना: मी चालवते वुडवर्डवर. तू शेजारी बस.

कॅझ: चालवशील तू. चांगली चालवशील, माझं काही म्हणणं नाही. पण मी शेजारी बसून हात कोणाला करू? समोर कोण उभा आहे तेच कळायचं नाही.

इरेना: किल्ली दे हिची.

कॅझ: आत्ता?

इरेना: आत्ता.

कॅझ: ...घे.

इरेना: उद्या त्या डॉक्टरणीकडे मी तुझ्याबरोबर येणार. तिने काय सांगितलं ते मला तिच्याच तोंडून ऐकायचंय. चल, बाहेर ये आता. हात दे. दार मोकळं आहे.

कॅझ: इरेना.

इरेना: काय?

कॅझ: तो दांडा होता तिथेच ठेव जरा. बाहेर पाय टाकला की गाडी चालवणं संपलं माझं. अजून थोडा वेळ अडकलेला राहू दे मला.

इरेना: क्लॅम्प नाही लावणार मी.

कॅझ: नको लावू.

इरेना: हातानेच धरून उभी राहते.