कॉफी पाजून घालवलेली गल्ली

...आणि वर मलाच विचारतो, "अम्मा, तुमचं लायसन्स कुठाय?" लायसन्स! माझं! तक्रार कुणाची? माझी. कुणाविरुद्ध? शेजारच्या शेषाद्रीविरुद्ध. आणि लायसन्स मी दाखवू?

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल, बाई उगाच कावलीय.

हा शेषाद्री परका नाही हो, आपलाच, तंजावूरकडचा मराठी. तिरुवान्मियूरला समुद्राजवळची आमची एवढीशी गल्ली, सरकारी नकाशात शुद्ध रहिवासी! म्हणजे राहा, जेवा, झोपा, भांडा, पण धंदा करायचा नाही. तर ह्यानं बापाचं घर पाडलं आणि मजल्यावर मजला चढवत सुटला. म्हटलं, "शेषाद्री, काय बांधतोस रे?" तर म्हणे, "राहायलाच, अक्का. कुटुंब आहे ना." कुटुंब! बायको आणि एक मुलगी, तीही शोळिंगनल्लूरला ऑफिसातच मुक्काम ठोकून! मग एक दिवस 'सी व्ह्यू' अशी पाटी लागली आणि ह्याचं कुटुंब पाठीवर बॅगा घेऊन टॅक्सीतून उतरायला लागलं.

तेही सोसलं असतं मी. पण ती बोअर! खोलीखोलीला शॉवर, आणि सगळं पाणी जमिनीतून उपसायचं. समुद्राकाठी गोडं पाणी उपसलं की समुद्र आत येतो, हे काय मी सांगायला पाहिजे? आमची विहीर माझ्या सासऱ्यांनी खणलेली. त्या पाण्याची कॉफी प्यायला वेस्ट मांबलमहून नणंद यायची... माझ्यासाठी नाही हो, कॉफीसाठी! ते पाणी मचूळ लागायला लागलं. म्हटलं, राजसबाई, आता गप्प बसायचं नाही.

केली कॉर्पोरेशनात तक्रार. रोज संध्याकाळी अख्खी गल्ली आमच्या ओट्यावर. अनंतराव काय, हेमलता काय, जो तो तावातावानं बोलायला! आता दारात आलेल्याला कॉफी न देता पाठवायचं कसं, तुम्हीच सांगा! विकतचं पाणी आणून करायची मी! आणि नुसती कॉफी कशी द्यायची, म्हणून सोबत गरमगरम तळलेले बोंडे. बसायला जागा पुरेना, म्हणून समोरच्या बालाजीरावांनी मंडपवाल्याकडून खुर्च्या आणल्या. लाल. प्लास्टिकच्या.

त्यात शेषाद्रीच्या हॉटेलातलं एक गोरं जोडपं फाटकात उभं. "इज धिस द कॅफे?" आमच्या ह्यांना इंग्रजीची भारी हौस! "नो नो, कम कम, सिट सिट!" बसले की हो! पुन्हा तेच... दारात आलेल्याला कॉफी न देता पाठवायचं कसं? प्यायले, फोटो काढले, आणि फोनवरच्या नकाशात आमच्या घराला तारे देऊन टाकले! दुसऱ्या दिवशी फाटकात रांग. आणि हे टाय लावून दारात!

अशात आला तो पाहणी करणारा साहेब. भर उन्हात, घामाघूम, आधी तक्रारदाराकडे. आता दारात आलेल्याला... हो, दिली! "सूपर, अम्मा!" म्हणाला. दुसऱ्यांदा मागून घेतली मेल्यानं. बोंडेही. मग रुमालानं तोंड पुसलं, खुर्च्या बघितल्या, रांग बघितली, ह्यांचा टाय बघितला, आणि... "लायसन्स कुठाय?"

सुनावणीला मोठे साहेब म्हणतात, "गल्ली रहिवासी कुठंय? तिथं आधीपासून खानावळ चालते. आमच्या माणसानं स्वतः खाल्लंय." मी ओरडले, "अहो, मी फुकट देते!" तर कसे हसले! "सुरुवातीला सगळे फुकटच देतात, अम्मा." झालं! गल्ली 'मिश्र वापर', म्हणजे राहा नि धंदाही करा! शेषाद्रीचे सगळे मजले गंगेत न्हाले. गल्लीनं लढून जे राखायचं, ते मी बोंडे तळून घालवलं! रडू आलं हो मला, तिथंच, सगळ्यांसमोर.

संध्याकाळी शेषाद्री दारात. हातात मैसूरपाक! अस्सा संताप आला... पण दारात आलेल्याला कॉफी न देता पाठवायचं कसं? दिली. एक घोट घेतला, तोंड वाकडं. "अक्का, साखर समजून मीठ टाकलं का?"

"नाही रे," म्हटलं. "तुला मुद्दाम माझ्या विहिरीच्या पाण्याची दिलीय, तुझ्या बोअरनं तिच्यात आणलेला समुद्र आहे तो. पी."

खाली मान घालून सगळी प्यायला. मला वाटलं, लाजला. उठताना म्हणतो, "अक्का, उद्यापासून गोड्या पाण्याचे कॅन मी पाठवतो. पाहुणे नाश्त्याला तुमच्याकडेच यायचं म्हणतात."

म्हटलं, सातच्या आधी पाठवू नकोस, माझी पूजा असते.

बसा ना, उभे का? तुमचीही टाकलीय. प्या, घाबरू नका... कॅनच्या पाण्याची आहे.