चौदावं पान

रोझेला: आजच्या तालमीत तू मेलायस ना? मग मेलेल्या माणसाने माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायचं नसतं, आर्लो.

आर्लो: मेलो नाही. कागदावर ‘संपर्काबाहेर’ असं लिहिलंय. आणि बसू कुठे? वरच्या मजल्यावर मला बंदी, गाडीत थंडी.

रोझेला: घर आहे की तुला.

आर्लो: आहे.

रोझेला: बरं बाबा, बस. पोरांना सुट्टी आहे म्हणून, नाहीतर इथे स्टूल मिळालं नसतं. उद्याच्या सूपचे बटाटे सोल तेवढे. आणि वर काय चाललंय ते नीट सांग. मला एवढीच चिठ्ठी आली, की बारानंतर स्वयंपाकघरातला कॉम्प्युटर बंद पडेल, घाबरू नका.

आर्लो: सोंग आहे गं. समजायचं, की चोरांनी जिल्ह्याच्या पाचही शाळांचे कॉम्प्युटर कुलूपबंद केलेत, दोन वर्षांपूर्वी केले होते तसे. आणि समजायचं, की या खेपेला मी नाही. मार्चमध्ये माझ्या हाताखाली आलेल्या कर्स्टनने तिजोरीतून माझी सूचनांची फाइल काढायची, पान एकपासून जायचं आणि चार तासांत सगळं उभं करायचं. तिने मला विचारायचं नाही, मी तिला सांगायचं नाही.

रोझेला: नाही जमलं तर?

आर्लो: तर मी जूनमध्ये निवृत्त होत नाही.

रोझेला: तो जानेवारी आठवला तरी माझ्या अंगावर काटा येतो. कुणाला काय खाऊन बाधतं त्याची यादी त्या डबड्यात, आणि जेवायला तीनशे पोरं! सहा दिवस उकडलेले बटाटे नि सफरचंदं दिली. शेंगदाण्याचं नाव काढलं नाही. पोरं शिव्या घालत होती मला.

आर्लो: मीही तेच खात होतो.

रोझेला: खात होतास कुठे! दुपारी दाराशी ठेवलेली ताटली संध्याकाळी तशीच उचलायचे मी. सहा दिवस त्या खोलीतून हलला नाहीस. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात दुसरं कुणी नव्हतं का रे?

आर्लो: नव्हतं. बावीस वर्षं नव्हतं.

रोझेला: आणि सारखा खिसा काय चाचपतोयस?

आर्लो: काही नाही.

रोझेला: काही नाही कसं? एका हाताने बटाटा सोलला जात नाही. काढ काय असेल ते.

आर्लो: चौदावं पान आहे. फाइलचं. साठवून ठेवलेली प्रत उघडायचा पासवर्ड आहे त्याच्यावर. तेरापर्यंत कुणीही जाईल. चौदाशिवाय पुढे रस्ता नाही.

रोझेला: आणि ते तुझ्या खिशात?

आर्लो: सकाळी तिजोरीतून काढलं.

रोझेला: आर्लो हाउगेन! ती पोर वर घाम गाळतेय!

आर्लो: माहितेय.

रोझेला: खुर्ची सुटत नाही होय?

आर्लो: खुर्चीचं नाही. लायलचं आहे.

रोझेला: तुझ्या भावाचं इथे काय?

आर्लो: त्या सहा दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी त्याने मला सात फोन केले. नाव दिसत होतं. म्हटलं, गुरांचं काही असेल, नाहीतर ट्रॅक्टर चालू होत नसेल. नंतर बघू. फोन ड्रॉवरमध्ये टाकला.

रोझेला: हे तू कधी बोलला नाहीस. आम्हाला वाटलं, झोपेत गेला.

आर्लो: गोठ्यात पडला होता. मांडीचं हाड मोडलं होतं. बाहेर उणे अठ्ठावीस. शेजारी डोकावला तो पाचव्या दिवशी.

रोझेला: अरे देवा. अँब्युलन्स नाही बोलावली त्याने?

आर्लो: लायलने? परक्याला त्रास द्यायचा नाही, हा त्याचा जन्माचा हट्ट. मला मात्र सात वेळा फोन केला.

रोझेला: आर्लो...

आर्लो: दोन वर्षं स्वतःला एकच सांगतोय. माझ्यावाचून सगळं अडलं होतं. मी उठलो असतो तर बसगाड्या थांबल्या असत्या, पोरांच्या औषधांच्या याद्या गेल्या असत्या. म्हणून उचलला नाही. आता आज एक पोरगी नुसती फाइल वाचून चार तासांत सगळं उभं करणार असेल, तर...

रोझेला: तर?

आर्लो: तर तेव्हा दोन मिनिटं फोन उचलायला मला काय झालं होतं?

(रोझेला स्टूल ओढून त्याच्यासमोर बसते.)

रोझेला: तुझी चूक नव्हती, असं मी म्हणणार नाही. तुला पटणारच नाही ते. पण तेव्हा ही फाइल नव्हती. नंतर ती कुणी लिहिली?

आर्लो: मी.

रोझेला: कशाला?

आर्लो: पुढच्या माणसाला फोन उचलता यावा म्हणून.

रोझेला: तो पुढचा माणूस वर बसलाय. घरी तान्हं मूल ठेवून.

कर्स्टन: रोझेला, घोटभर कॉफी मिळेल का? अगंबाई, तुम्ही इथे! माझ्याकडे बघू नका आर्लो, तुमच्याशी बोलायची मनाई आहे मला.

रोझेला: कुठवर आलीस गं?

कर्स्टन: तेरा पानं झाली, आणि मग एकदम पंधरावं. तीनदा तिजोरी उपसली. फाइल काढताना मीच कुठे पाडलं असेल...

आर्लो: तू नाही पाडलंस.

कर्स्टन: बोलू नका ना! वर तालमीचे निरीक्षक बसलेत.

आर्लो: हे घे. मी काढून घेतलं होतं. मुद्दाम. निरीक्षकांना तसंच सांग.

कर्स्टन: मुद्दाम? मघाशी बाथरूममध्ये जाऊन रडले मी. वाटलं, एवढंही जमत नाही आपल्याला.

आर्लो: माफ कर.

कर्स्टन: तालीम बाद धरतील ते.

आर्लो: धरू देत. आधी चालू तर कर.

रोझेला: गेली बघ. कॉफी राहिली तिची. आता हा चाकू ठेव खाली. मी सोलते.

आर्लो: राहू दे. सोलतो मी.

रोझेला: आर्लो! कॉम्प्युटरचा पडदा उजळला बघ. यादी आली. आडनावांसकट! शेंगदाणे, दूध, अंडी... सगळी आहेत माझी पोरं.

आर्लो: पान देऊन वीस मिनिटं. मला तेव्हा या टप्प्याला दीड दिवस लागला होता.

कर्स्टन: झालं! पाचही शाळा! निरीक्षक म्हणाले, पान काढल्याचं अहवालात लिहावंच लागेल. पण एखादं पान हरवू शकतं, हे आपण धरलंच नव्हतं. फाइलची दुसरी प्रत दुसऱ्या शाळेत ठेवायची, मग पास. आम्ही सगळे कोपऱ्यावर कॉफीला चाललोय. या.

आर्लो: तुम्ही व्हा पुढे.

कर्स्टन: मी रागावलेय तुमच्यावर, आर्लो. अजून चार दिवस रागावणार आहे. तरी या.

आर्लो: नको. आज तुझा दिवस आहे. घरी फोन कर आधी, बाळाचं विचार.

रोझेला: जायला हवं होतंस रे. बरं, ऊठ आता. मीही कुलूप लावते. साडेतीन झाले.

आर्लो: ऊन आहे अजून.

रोझेला: मग?

आर्लो: इतक्या उजेडात मी कधी घरी गेलो नाही, रोझेला. काय करतात गं माणसं या वेळी?