नायलॉनला साल देणारी जनाकाकी

मंडळी, जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, आणि समोर बसलेल्या आयाबहिणींनो,

मला बोलायला उभं केलंत. खालच्या बाजारात सुताच्या दुकानात बसून मी आयुष्यभर बोलूनच पोट भरलं. गिऱ्हाईक उठून जायला लागलं की माझी जीभ आपोआप सुटते. आज सुटत नाही. आज विकायला काही नाही, आणि जी माणसं समोर आहेत त्यातल्या निम्म्यांचे डोळे ओले आहेत. देवळाच्या मंडपात एवढी गर्दी बघून जनाकाकीने आधी मलाच विचारलं असतं, "कोण गेलो रे केशवा? इतकी माणसां कित्याक?"

काकी, तूच गेलीस गो.

तिला सगळ्याचीच चौकशी लागायची. माहेर वालावलचं, लग्न होऊन आपल्या वाडीत आली, तरुणपणी विधवा झाली, आणि सासऱ्याचा तांब्याचा मोठा हंडा तिच्या वाट्याला आला. तिची मालमत्ता ती तेवढीच. किनाऱ्यावर माडांखाली तो हंडा चुलीवर चढवायचा, त्यात ऐनाच्या झाडाची साल उकळायची आणि त्या लाल काढ्यात जाळी बुडवायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथे कुडाळकडचे पाहुणेही बसलेत. सुताचं जाळं खाऱ्या पाण्यात कुजतं. साल दिली की टिकतं. पण किती? पंधरवडाभर. मग पुन्हा साल, पुन्हा वाळूवर सुकवणं, आणि तेवढे दिवस होडी किनाऱ्यावर बसून.

आणि नवं जाळं? नवं जाळं तर पहिली साल घेतल्याशिवाय पाण्यात उतरवायचंच नाही. नवरीला हळद, तसं जाळ्याला साल. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, स्वतः खांद्यावर जाळं घेऊन यायचा, काकी हंड्यापुढे नारळ ठेवायची, आणि मग जाळं आत. हे सगळं तुम्ही पाहिलंय.

तेव्हा एका जाळ्यामागे किती चुली पेटायच्या बघा. आतल्या गावांत शेतकरी ताग पेरायचे. घरोघरी बायका त्याची दोरी वळायच्या. सुती धागा माझ्या दुकानात यायचा. आंबोलीच्या बाजूने सालीच्या गाड्या घाट उतरायच्या. लाकूडवाला होता, गाडीवान होता, काकी होती. समुद्रातला मासा वर काढायला डोंगरातलं झाड लागायचं. आपण कधी असा विचार केला होता का? मी नव्हता केला. काकीनेच एकदा तो माझ्या डोक्यात घातला.

मग आलं नायलॉन.

मुंबईच्या घाऊक बाजारातून मी पहिली गुंडी आणली. पांढरी, चकचकीत, हातातून सटकणारी. गावात कुणाला दाखवायची? मी सरळ काकीकडे गेलो. का गेलो, ते मलाही नीट सांगता येणार नाही. कसायाने बकऱ्याला सुरी दाखवावी तसलाच प्रकार होता तो. पण तिला नवी वस्तू दाखवली नाही तर ती आठवडाभर बोलायची नाही, हेही खरं.

तिने धागा ओढून पाहिला. दातांनी तोडून पाहिला. चुलीत धरला. सुताचा धागा भुरकन जळतो, ह्याचा वितळून टणक मणी झाला. तो मणी तिने पदराच्या टोकाला बांधून ठेवला आणि येईल त्याला दाखवला. मग म्हणाली, हे कशाचं करतात? मी म्हटलं, व्यापारी सांगत होता की कोळशापासून, रसायनांपासून, मोठ्या कारखान्यात. तिने चुलीतला एक कोळसा काढला, उलटसुलट केला आणि मला म्हणाली, ह्यातून दोरी काढून दाखव. मी कुठून काढून दाखवणार?

त्या पावसाळ्यात तिने दारात दोन मडकी ठेवली. एकात सुताचा तुकडा, एकात नायलॉनचा, दोन्हींत समुद्राचं पाणी आणि चिखल. जाता-येता लोक हसायचे. काकी लोणचं घालतेय म्हणायचे. नारळी पौर्णिमेला तिने दोन्ही तुकडे काढले. सुताचा बोटांत विरघळला. नायलॉनचा धुतला आणि जसा होता तसा निघाला.

मी तिच्या समोरच होतो. मला वाटलं, आता ही रडेल. कारण न कुजणाऱ्या जाळ्याला साल कशाला हवी? आणि साल नको तर काकी कशाला हवी? मी म्हटलं, काकी, ह्या नायलॉनचं तुला एवढं कौतुक कसलं? तर ती म्हणाली,

"माझो धंदो जो कोण खाणार आसा, तेचा तोंड तरी माका बघूक नको?"

मंडळी, आपण काय करतो? आपला धंदा खायला कोणी आला की आपण पाठ फिरवतो, नाहीतर शिव्या घालतो. ही बाई त्याला घरात घेऊन, पाट मांडून, तू कुठला, कोणाचा, असं विचारत बसली.

आता सोनू तांडेलाच्या जाळ्याची गोष्ट. सोनूदादा, तू मागे बसला आहेस, चुकलं तर थांबव मला. वाडीतलं पहिलं नायलॉनचं जाळं सोनूदादाने केलं. बायकोच्या पाटल्या मोडून केलं. आणि जाळं तयार झाल्यावर खांद्यावर टाकून निघाला कुठे, तर काकीकडे. साल द्यायला. आम्ही सगळे हसलो. मी तर सर्वांत मोठ्याने हसलो, कारण नायलॉन विकलं होतं मी. म्हटलं, अरे, ह्याला साल लागत नाही, म्हणून तर तू एवढं महाग घेतलंस. सोनूदादा म्हणाला, लागत नसेल, पण बिनसालीचं जाळं माझ्या होडीवर चढणार नाही.

काकीने नारळ ठेवला, जाळं उकळत्या सालीत सोडलं. बाहेर काढलं तर जाळं आखडलेलं. आसे, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीक झालेले, रंग तांबूस. सोनूदादाचं तोंड उतरलं. वहिनी घरून धावत आल्या आणि काकीला वाट्टेल ते बोलल्या. त्यांचंही काय चुकलं? पाटल्या होत्या त्या. काकी तेवढंच म्हणाली की जाळं वाया गेलं तर माझा हंडा घेऊन जा, मोडीत घाला. बोलली शांतपणे. हंडा गेला असता तर तिच्याकडे खायचं साधन उरलं नसतं.

जाळं समुद्रात गेलं आणि भरून आलं. एवढंच नाही. त्याच सुमारास पलीकडच्या वाडीत दुसऱ्या एकाने नायलॉनचं जाळं केलं होतं, साल न देता. नायलॉन गुळगुळीत, त्याच्या गाठी सरकायला लागल्या. कुठे आसा मोठा, कुठे बारीक, मासा आरपार. आणि सोनूदादाच्या जाळ्याची एकही गाठ हलली नव्हती.

मग काय विचारता! नायलॉनलाही साल लागते, अशी किनाऱ्यावर हाकाटी झाली. काकीच्या हंड्यापुढे रांग लागली. आंबोलीकडच्या गाड्या, ज्या बंद व्हायच्या वाटेवर होत्या, त्या पुन्हा भरून उतरू लागल्या. मी म्हटलं, काकी, देव पावला तुला. कारखान्याने तुझा धंदा मारायला पाठवलेली वस्तू तुझ्याच दारात पाणी भरतेय.

दुसरी कोणी असती तर तिथे थांबली असती. मी तर थांबलोच असतो, हात जोडून थांबलो असतो. काकीला मात्र झोप लागेना. गाठ धरते ती कशाने? सालीने, की आणखी कशाने? तिने माझ्याकडून नायलॉनचे तुकडे नेले, त्यांना गाठी मारल्या. काही सालीत उकळले, काही नुसत्या पाण्यात उकळले, काही थंड सालीत भिजत ठेवले. आणि ओढून पाहिले. थंड सालीतल्या गाठी सरकल्या. नुसत्या उकळत्या पाण्यातल्या गाठी घट्ट बसल्या, सालीतल्या इतक्याच घट्ट.

म्हणजे साल नकोच होती. ऐनाचं झाड नको, गाडी नको, काकीही नको. घरातल्या चुलीवर, भाताच्या तपेल्यात पाणी उकळलं की झालं.

हे त्या दिवशी जगात काकीला ठाऊक होतं आणि मला. मी दुकानदार माणूस. मी तिला म्हटलं, काकी, हे पोटात ठेव. तुझं म्हातारपण ह्या एका गोष्टीवर निघेल. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी होड्या लागल्या, माणसं जमली, आणि ही हंड्यापाशी उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गाठ साल धरणा नाय रे. कढत पाणी धरता. आपापल्या घराक जावन करा."

तुमच्यापैकी कितीतरी जण तिथे होतात. आठवतं ना? माणसं जाळी खांद्यावर टाकून घरोघर गेली. महिन्याभरात हंडा थंड झाला.

मी चिडलो. खरंच चिडलो तिच्यावर. जाऊन विचारलं, कुणी सांगितला होता हा उद्योग? ती हसली आणि म्हणाली, "आज ना उद्या कोणाच्या तरी चुलीर कळलाच असता. मगे लोक म्हणतले, काकी लबाड. आता म्हणतत, काकी खुळी. खुळी बरी."

पुढचं तुम्ही जाणता. जाळी कुजेनाशी झाली, होड्या जास्त दिवस समुद्रात राहू लागल्या, मासा वाढला, बर्फ आला, कोल्हापूरला ट्रक जाऊ लागले. कितीतरी घरांवर कौलं चढली. हे नायलॉनने केलं. आणि दोरी वळणाऱ्या बायकांचे हात रिकामे झाले, तागाची शेतं गेली, आंबोलीकडचा गाडीवान माझ्या दुकानात येऊन विचारून गेला की शेट, साल आता कोण घेतं. हेही नायलॉननेच केलं. दोन्ही एकदम सांगायला काकीने शिकवलं. एक सांगून दुसरं गिळायचं नाही.

तिनेच मला म्हटलं, नायलॉन विकतोस तर विणायला बायका बसव. आयाबहिणींनो, माझ्या दुकानामागच्या पडवीत तुम्ही जाळी विणत बसता, त्या काकीच्या सांगण्यावरून बसता. सगळ्यांत आधी ती येऊन बसली. म्हातारपणी नवी गाठ शिकली आणि तुम्हाला शिकवली.

आता शेवटचं सांगतो, आणि हे सांगणं मला जड जातंय.

भाद्रपदात ती तापाने पडली, तेव्हा मी तिला भेटायला गेलो. मुंबईहून एक नमुना आला होता, तो खिशात होता. जाळ्याचा तुकडा. तिने डोळे मिटून बोटांनी गाठी चाचपल्या. सगळ्या सारख्या. विचारलं, कोणी विणलं? मी म्हटलं, यंत्राने, काकी. ती उठून बसली. अंगात ताप, आणि ही विचारतेय, यंत्राला बोटं असतात का, दोरा मागून घेतं की पुढून. मला मुंबईला घेऊन चल म्हणाली, यंत्र बघायचंय. मी म्हटलं, बरी हो, पावसात बंद असलेली मुंबईची बोट सुरू झाली की जाऊ. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं,

"पडवीतल्या बायलांक सांगितलंस?"

मी नमुना तिच्या हातातून घेऊन खिशात घातला. ती म्हणाली, "सांग. आदी कळला तर माणूस कायतरी करता. मागसून कळला तर नुसता रडता."

त्याच तापात ती गेली. आयाबहिणींनो, म्हणून आज इथे, सगळ्यांसमोर सांगतो. पुढच्या पावसानंतर यंत्रावर विणलेली जाळी आपल्या किनाऱ्यावर येणार. गाठी कारखान्यातच घट्ट बसवलेल्या असतील, उकळायलाही नकोत. मी आणली नाहीत तर दुसरा आणील, आणि खोटं कशाला बोलू, मीही आणणार. फाटलेलं जाळं सांधायचं काम राहील, पण ते तुम्हा सगळ्यांना पुरणार नाही. पुढे काय करायचं ते मला माहीत नाही. ते तुमच्याबरोबर बसूनच ठरवावं लागेल. बोट सुरू झालीय. सोमवारी मी मुंबईला जातोय, ते यंत्र बघायला. तुमच्यापैकी दोघी-तिघी चला, तुमच्या डोळ्यांनी बघा.

आता आपण उभे राहू. गप्प बसलेली माणसं काकीला कधी आवडली नाहीत, तरी तिच्यासाठी एवढा वेळ गप्प राहू, हात जोडू. मग ज्याला जे विचारायचं असेल ते विचारा. मी इथेच बसलोय.