दादाची ओवी, माझी झील

अहो आप्पा, टेप हाय ती, टेप, गप बसा की, असा मांडववाला खुर्चीवर उभा राहून वरडत हुता, आन् मी आपला कानावर हात ठेवून, डोळं मिटून, दादाच्या ओवीची झील धरलेली. दौंडातल्या कार्यालयात पंगत बसलेली, समद्यांचा घास हातातच ऱ्हायला.

आता ह्ये समजायचं तर जरा मागं जावं लागंल. आमी कवठे येमाईचे धनगर. आजाच्या काळात मेंढरं किती, तर पुढचं मेंढरू नदीवर पाणी पीत असायचं आन् मागचं अजून वाडग्यातनं निघालेलं नसायचं. खोटं वाटत आसंल तर ऱ्हाऊ द्या, मोजायला आजा बी कवा बसला न्हाई. मग कालव्याचं पाणी आलं, मेंढरं गेली, आमी कांदा लावाया लागलो. ओवी तेवढी ऱ्हायली. दादा, माझा थोरला भाऊ, ओवी गायचा, आन् मी त्येचा झीलकरी. म्हंजी गाणाऱ्याचा दम संपला की त्येच्या ओळीचं शेपूट आपण उचलायचं, तवर त्यो श्वास घेतो. सारी उमर मी दादाची शेपटं उचलली. त्यो आमच्या जत्रंत गायला की तिकडं केंदूरची कुत्री उठून बसायची.

तरणेपणी गाणं नुसतं कानावरनं जायचं. वय झालं तसं गाण्याला गळ फुटलं, काय काय वडून काढतं. कुठं ढोल वाजला की मला वल्या लोकरीचा वास येतो, चुलीपुढं आई दिसती, माझ्या टाचंतला काटा दादा दातानं काढताना दिसतो. एका ढोलात टेम्पो भरंल एवढं सामान निघतं, काय सांगू तुमाला.

आन् त्यो दादा गेला, तर मला रडूच आलं न्हाई. खांदा दिला, डोकं भादरलं, भाकरी खाल्ली. बाया म्हणल्या, दगड हाय. वैनीचा डोळा बी कोरडाच, पर तिला कुणी दगड म्हणलं न्हाई, धक्का बसलाय म्हणले. मी मनाशी म्हणायचो, दादाचा आवाज एकदा कानावर पडू दे, मग बगा, घोडनदीला पूर आणतो का न्हाई. त्येवढ्या एका आशेवर मी दिस काढले.

वरसाच्या आत करायचं म्हणून दादाच्या पोरीचं लगीन दौंडाला निघालं. दादाचा पोरगा रांजणगावला कंपनीत हाय, त्येनं जुन्या जत्रंत भरलेली कॅसेट हुडकून गपचिप मांडववाल्याकडं दिली. मी जिलबी खात हुतो, आन् कर्ण्यातनं दादा गायला लागला. पोरगी रडली, व्याही रडला, आचारी एवढा रडला की आमटी खारट झाली. माझं तोंड आपसूक उघडलं, हात कानावर गेला, दादा दमला तिथं मी झील धरली. टेपात बी मीच धरत हुतो, तरणा. आमी दोघं एका सुरात, जरा बी चुकलो न्हाई. पर छातीत काय बी न्हाई. लोकर न्हाई, आई न्हाई, काटा न्हाई. नुसती सवय गात हुती.

कॅसेट संपली. समदे माझ्या तोंडाकडं बगत बसले, आता तरी ह्यो रडंल म्हणून. मी उठून वैनीकडं गेलो. ती कोपऱ्यात पाणी पीत बसलेली, डोळा तसाच कोरडा. म्हणलं, आपलं न्हाई तर न्हाई, हिच्या तरी आत काय हललं आसंल, ज्याच्यासंगं जलम काढला त्येचा आवाज हाय ह्यो. खाली बसलो आन् हळूच इचारलं, वैनी, काय आठावलं वो?

तिनं गिलास खाली ठेवला. म्हणाली, काय न्हाई भावजी, सर्दी झालेली त्यास्नी त्या जत्रंत.