पानं उलटू नका, रेकॉर्डिंग चालू आहे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान कार्यकारिणीचे सन्माननीय सदस्य, वाचनालयाचे तंत्रज्ञान सल्लागार आणि योगायोगानं अध्यक्षांचे जावई, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या ग्रंथपालबाई आणि वाचकहो,

मी इथला बुकबाइंडर. फाटलेलं शिवणं माझं काम, भाषण नव्हे. पण बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे, म्हणून त्यांच्या वाटचं बोलायला मी उभा आहे.

वर्षभरात आपल्या वाचनालयानं कात टाकली. वेबसाइट आली, ॲप आलं, पॉडकास्ट आला. पॉडकास्टला शांत खोली हवी. शांत खोली कुठली? अर्थातच वाचन कक्ष! जावईबापूंनी माइक लावला आणि दारावर पाटी आली : ‘पानं उलटू नका, रेकॉर्डिंग चालू आहे.’ हसताय काय? तासभर एकाच पानाकडे बघत तुम्हीच बसला होतात ना? आत अध्यक्षांचा ‘वाचनसंस्कृती वाचवा’ हा भाग चालला होता. वाचनावर तीन मिनिटं, बाकी अध्यक्षांच्या वाटचालीवर. मी तो पूर्ण ऐकला. दार बाहेरून लावलं होतं, करतो काय?

आता बाईंचा गुन्हा ऐका. छापखान्यात प्रुफं तपासणारे एक आजोबा, त्यांची दृष्टी गेली. रोज दुपारी चारला बाई त्यांना फोनवर कादंबरी वाचून दाखवायच्या. उभं आयुष्य लोकांच्या चुका काढण्यात गेलेलं, ते मध्येच ओरडायचे, "बाई, एक ओळ गाळलीत!" आणि खरंच गाळलेली असायची. अकरा वर्षं हे चाललं. मग कार्यकारिणीचं पत्र आलं : रेकॉर्डिंगमध्ये व्यत्यय येतो, संबंधितांनी ॲप वापरावं. आजोबा म्हणाले, "ॲपला चूक दाखवली, तर ते ऐकतं का हो?"

तेव्हापासून बाई जिन्याखाली माझ्या टेबलाशी, खळीच्या डब्याशेजारी बसून वाचायच्या. हो अध्यक्ष महोदय, तुमच्या पायाखालीच. बाई, आता तुमच्याशिवाय मला तिथं करमायचं नाही.

पण आजोबांची कादंबरी अर्धी राहिली आहे. उद्यापासून चारला मी वाचणार. अडखळत वाचतो, शिव्या खाईन.

आपण सर्वांनी माझं ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. कार्यकारिणीला ते जमणार नसेल, तर तिनं मलाही खुशाल पत्र द्यावं. चार वाजता फोनवर तेच आधी वाचीन. चुका आजोबा काढतील.