शहाणा फोल्डर

मंडळी, ऐका! टाळ जरा थांबवा. देवाचं नंतर सांगतो, आधी एक प्रश्न विचारतो. जे अगदी आपलं असतं, काळजाजवळचं — ते हातून निसटायची वेळ आली, तर आपल्याला सावध कोणी करायचं? देवानं? शेजाऱ्यानं? बायकोनं? — बायको करतेच! प्रश्न तो नाही. ऐकतो कोण? हसू नका अण्णा, तुमच्याकडं बघून नाही बोललो.

याचं उत्तर पुराणात असेलही, पण पुराण लांब पडतं. भोरच्या बाजारपेठेत जाऊ.

तिथं हणमंतराव खुटवड. धंदा — लग्नाचं शूटिंग. तालुक्यात कुठंही सनई वाजू द्या, हणमंतरावांचा कॅमेरा नवरदेवाच्या आधी मांडवात! 'शुभमंगल सावधान' हे शब्द त्यांच्याइतके कोणी ऐकले नसतील. आणि त्यांच्याइतकं दुर्लक्षही कोणी केलं नसेल. भटजींनी 'सावधान' म्हटलं की हे म्हणायचे, "मामा, जरा उजवीकडं सरका, नवरी झाकतीय!"

माणूस हौशी. गिऱ्हाइकाला शूटिंग दिलं, की कॉम्प्युटरमधल्या त्या लग्नाच्या फोल्डरवर नवरा-नवरीचा फोटो लावायचे. पडद्यावर बघावं तर सगळी जोडपी ओळीनं उभी — जणू सामुदायिक विवाह! आता गंमत बघा. असा फोटो लावला, की कॉम्प्युटर त्या फोल्डरच्या पोटात स्वतःची एक बारीकशी फाइल लपवून ठेवतो. सिस्टिम फाइल! हणमंतरावांना पत्ता नाही. तुम्हाला होता? मलाही नव्हता.

लग्नसराई आली. कॉम्प्युटर भरला — मुंगी शिरायला जागा नाही! हणमंतराव जुनी लग्नं पुसायला बसले. पहिला फोल्डर घेतला, आणि पडद्यावर चौकट उभी! 'ही सिस्टिम फाइल आहे. ही काढली, तर कॉम्प्युटर किंवा एखादा प्रोग्रॅम नीट चालणार नाही. नक्की काढायची?'

लगेच मेहुण्याला फोन. "संपत, कॉम्प्युटर धमकी देतोय रे!"

"दाजी, दाबा बिनधास्त! नुसता भुंकतो, चावत नाही."

दाबलं. काय झालं? काऽही नाही!

आता मंडळी, तुम्हीच बसा कॉम्प्युटरपुढं. मी विचारतो, तुम्ही 'हो' म्हणा. मोठ्यानं!

शिळीमकरांचं लग्न — नक्की काढायचं? — हो!

धुमाळांचं — सिस्टिम फाइल आहे बरं का! नक्की? — हो!

कोंडे — हो!

बांदल — अहो, विचारू तर द्या! — हो!

बघा, किती पटकन शिकलात! हरिपाठाला इतका आवाज नाही निघत.

तेवढ्यात हणमंतरावांच्या मंडळी, रंजनाताई, चहा घेऊन आल्या. "अहो, ते काहीतरी विचारतंय. वाचा तरी."

"रोजचंच रडगाणं गं! प्रत्येक वेळी म्हणतंय बुडेल, बुडेल. बुडालं का कधी?"

"मीपण तुम्हाला तेच सांगते. रोज."

"म्हणून तर सवय झालीय!"

द्या मृदंगबुवा, ठेका द्या! माणूस उत्तराला पक्का.

आणि मग आला फोल्डर — गोळे. नक्की काढायचं? — हो!

या फोल्डरनं मात्र साधं 'काढायचं?' एवढंच विचारलं. सिस्टिम फाइल नाही, धमकी नाही, काही नाही. हणमंतराव खूश! "हा एक फोल्डर शहाणा निघाला! गुपचूप गेला!" आणि रिकाम्या झालेल्या जागेत लगेच नवं लग्न भरलं.

मंडळी, 'हो' म्हणालात ना? आता ऐका, कुणाचं लग्न पुसलंत ते. हणमंतरावांच्या एकुलत्या एका लेकीचं! कल्याणीचं!

आता का गप्प?

तुम्ही म्हणाल, बुवा, मग हे गोळे कोण? अहो, जावई! स्टुडिओचा रिवाजच तसा — फोल्डर वरपक्षाच्या आडनावानं. हणमंतराव शिस्तीचे! पोटची पोरगी, पण फोल्डरवर नाव कुणाचं? गोळ्यांचं. कल्याणीच्या लग्नाच्याच सराईत कुरुंजी गावच्या दुसऱ्या एका गोळ्यांचं लग्न त्यांनी केलेलं, शूटिंग देऊनही झालेलं. यांना वाटलं, हे तेच! फोल्डरवर फोटो नव्हता? नव्हता. फोटो काम पुरं झाल्यावर लागायचा, आणि घरचं काम — आज करू, उद्या करू! फोटो नाही, म्हणून पोटात ती लपलेली फाइल नाही. फाइल नाही, म्हणून धमकी नाही. म्हणजे बघा — इतके दिवस तो कॉम्प्युटर ओरडला, तो स्वतःच्या चिटोऱ्यासाठी! तुमच्या लेकीसाठी कशाला ओरडेल? त्याची ती कोण?

आखाडाला कल्याणी माहेरी आली. चपला काढता काढता म्हणाली, "पप्पा, माझं शूटिंग झालं का? आजेसासूबाई रोज विचारतात. अंथरुणावर होत्या, मांडवात येता आलं नाही त्यांना. नजर आहे तोवर दाखव म्हणतात."

"आजच देतो की!"

बसले. शोधलं. वर शोधलं, खाली शोधलं. कुठंच नाही! कॅमेऱ्याची कार्डं? पुढच्या लग्नांना वापरली. दुसरी प्रत? ती गिऱ्हाइकांची ठेवायचे! संपत धावत आला, बराच वेळ खटपट केली, मान हलवली. "दाजी, त्या जागेवर दुसरं लग्न बसलंय. आता नाही निघायचं."

कल्याणी रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "पप्पा, फोल्डरवर माझं नाव असतं, तर तुमचा हात थांबला असता ना?"

मंडळी, ही खरी चौकट! हिला 'हो' दाबून दाखवा.

दुसऱ्या दिवशी हणमंतराव लेकीला घेऊन गोळ्यांच्या घरी गेले. म्हातारीच्या खाटेशी बसले, हात जोडले. "आजी, माझ्या हातनं पुसलं गेलं."

म्हातारीनं त्यांचे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाली, "पुसलं तर पुसलं. तुम्ही व्हता न्हवं तिथं? सांगा तोंडानं."

"उजेड चांगला होता, आजी. मागचा पिवळा पडदा तेवढा जरा..."

"अवो पाव्हणं, पडदा काय घिऊन बसलात! माझा नातू हसत व्हता का बावरला व्हता, ते सांगा!"

हणमंतराव आठवायला लागले. आठवेना! कॅमेऱ्याचा तांबडा दिवा आठवला. बॅटरी किती उरली होती, ते आठवलं. लेक? लेक चौकटीत नीट बसली होती, एवढंच. अहो, कन्यादानालासुद्धा हात पोरीच्या हाताखाली, आणि डोळा तिपाईवरच्या कॅमेऱ्याकडं!

शेवटी कल्याणीच खाटेवर बसली आणि सांगायला लागली. अंतरपाटाखालून तिला नवरदेवाचे नुसते पाय दिसत होते, आणि मंगलाष्टकं चालू असताना तो एका पायानं दुसरा पाय खाजवत होता! म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. "ह्याचा आजाबी तसलाच!" मग हळूच विचारलं, "आन् निघताना गं? बाप रडला का?"

कल्याणी बापाकडं न बघता म्हणाली, "नाही, आजी. गाडीत बसताना मी वळून बघितलं. तर पप्पा म्हणाले, 'बाळा, अजून एकदा वळ. पहिलं नीट आलं नाही.'"

"मग?"

"मग वळले परत. पहिल्यांदा रडले ते रीत म्हणून. दुसऱ्यांदा खरंच रडू आलं."

हणमंतराव तिथंच होते त्या वेळी, हातभर अंतरावर! आणि हे आज कळत होतं. भर व्याह्यांच्या घरात, सगळ्यांसमोर, माणूस पोरासारखा रडला. त्याचं कुणी शूटिंग केलं नाही.

तर मंडळी, कॉम्प्युटरला शिव्या देऊ नका. त्यानं त्याचं राखलं. तुमचं तुम्ही राखायचं, आणि त्यासाठी आधी ते डोळ्यांनी बघावं लागतं.

ते मागचे दादा — हो, तुम्हीच! मघापासून मोबाईल उंच धरून माझं कीर्तन भरून घेताय. शेजारी तुमची आई बसलीय. कल्याणीचं ऐकताना ती तुमच्याकडं वळली होती. मी इथून बघितलं. तुमच्या शूटिंगमध्ये आलंय का ते?

नाही ना? मग आता तिला परत वळायला सांगू नका, दादा. मोबाईल खिशात ठेवा, आणि तुम्ही वळा.